पश्चिमेची खिडकी

अमरावती,
सोमवार, ता. ८ ऑक्टोबर १९३४

चि. सूर्यभान यास कमलाकांत मास्तरांचा आशीर्वाद.

एक कोडे तुझ्याही पाहण्यात आले असेल. दुकानात गादीवर बसून, चार ठाण उलगडून, पसंतीने घेतलेले लुगडे घरच्या अंगणात उघडावे, तो त्याचा रंग निराळाच! आमच्या घरी दसऱ्यासाठी डाळिंबी म्हणून आणलेले लुगडे अंगणात विटकरी निघाले. तुझ्या काकूंनी ते परत नेले, तर दुकानात पुन्हा डाळिंबी. घरी आणले, पुन्हा विटकरी. तिसऱ्या खेपेस दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, लुगडं तेच आहे हो. आता तुम्ही अंगण बदला."

मी मात्र आनंदाने लुगडे घेऊन घरभर हिंडलो. माजघरात, ओसरीवर, विहिरीपाशी, सहा जागी पाहिले. रंग ठरायला तीन गोष्टी लागतात: वस्तू, डोळा आणि उजेड. रंगात काही बिघडले की आपण वस्तूला दोष देतो, नाहीतर डोळ्याला. उजेडाकडे संशयाने कोणी पाहात नाही, कारण पाहायचे तेही त्याच्याच मदतीने.

आता हे तुला का लिहितो आहे ते क्रमाने सांगतो.

१९२३ च्या डिसेंबरात आमच्या कंपनीने कापसाच्या पारखीची जागा भरायला परीक्षा घेतली. परीक्षक मी होतो. बाळापूरची शाळा सोडून या नोकरीत येऊन मला चारच वर्षे झाली होती आणि नऊ उमेदवारांत माझा एक जुना विद्यार्थी होता, तू. ओळखीला वाव राहू नये म्हणून मी नावे बंद केली. तांब्यात नऊ चिठ्ठ्या टाकल्या, ज्याने जी उचलली तो त्याचा नंबर. उत्तराच्या कागदावर नुसता नंबर. एकेकाने आत यावे, टेबलावरच्या पाच पुड्या पाहाव्यात, धागा ओढून लांबी सांगावी आणि रंग पाहून प्रत लिहावी. त्या काळी वऱ्हाडात इतकी निःपक्षपाती परीक्षा दुसरी होत नसेल, असे मला वाटत होते. तुझी चिठ्ठी आठवी निघाली.

टेबल पश्चिमेच्या खिडकीपाशी होते. खिडकीबाहेर उजव्या हाताला, काटकोनात पुढे आलेली, दक्षिणेकडे तोंड असलेली गोदामाची भिंत, नुकतीच गेरूने रंगवलेली. सकाळी त्या भिंतीवर सावली असे आणि खोलीत आभाळाचा स्वच्छ उजेड येई. दुपारी दोननंतर ऊन भिंतीवर पडे आणि गेरूचा रंग घेऊन खोलीत येई. पाचही पुड्यांची खरी प्रत मी सकाळी ठरवली होती. तू आत आलास तेव्हा तीन वाजून गेले होते.

तू तीन पुड्यांवर 'पिवळसर' लिहिलेस. त्या तिन्ही शुभ्र होत्या. लांबी मात्र पाचही पुड्यांची तू बिनचूक सांगितलीस. नऊ जणांत तसे सांगणारा तू एकटा. बोटांना उजेड लागत नाही.

निकालाचे कारण न कळवण्याची कंपनीची रीत होती. मला ती निर्दय वाटे. माणसाला आपले कुठे चुकले ते कळलेच पाहिजे, असे मी वर्गात नेहमी सांगत असे. म्हणून रीत मोडून मी तुला कार्ड टाकले: 'निवड झाली नाही. कारण, कापसाची पारख नाही.' नऊ जणांत कारण मिळालेला तू एकटाच. तेव्हा तो मला माझा जिव्हाळा वाटला होता.

गेल्या महिन्यात तुझा वर्गबंधू चंद्रभान भेटला. तुझे वडील जानराव दोन वर्षांपूर्वी गेल्याचे आणि तू अकोल्याच्या बाजारात मापारी असल्याचे त्याने सांगितले. "काट्यावर उभा राहते," तो म्हणाला. "कापसाकडे पाहात नाई, काट्याकडेच पाहते." त्यानंतर लुगड्याचे हे प्रकरण झाले आणि मला एकदम सगळा उलगडा झाला.

दिवाळीला मी नोकरीतून मोकळा होतो आहे. माझ्या जागेसाठी शुक्रवार, दोन नोव्हेंबरला परीक्षा आहे. सकाळी दहाला, उत्तरेच्या ओसरीवर. तिथे दिवसभर उजेड सारखाच असतो. शेवटचे मत माझे आहे. तू ये.

तुझा हितचिंतक,
कमलाकांत

•

अमरावती,
बुधवार, ता. १७ ऑक्टोबर १९३४

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

उत्तर नाही, तेव्हा पत्र पोचले नसेल असे धरून मुख्य मजकूर पुन्हा लिहितो. परीक्षा दोन तारखेस, शुक्रवारी. अकोल्याहून आदल्या दिवशी निघ, बडनेऱ्याला गाडी बदल आणि आमच्याकडेच उतर. अर्जाचा कोरा कागद सोबत आहे.

पहिल्या पत्रात एक मुद्दा राहिला. अज्ञानाने होणाऱ्या चुका चहूकडे विखुरतात: कोणी शुभ्राला पिवळसर म्हणतो, कोणी पिवळसराला शुभ्र. पण त्या दिवशी दुपारी बसलेल्या चारही उमेदवारांच्या चुका एकाच बाजूला कललेल्या होत्या. चौघांनाही कापूस होता त्याहून पिवळा दिसला. चार माणसे एकाच दिशेला चुकली की माणसे तपासू नयेत, जागा तपासावी. किती सोपे आहे पाहा! सोबत खोलीची आकृती काढली आहे. बाण उजेडाची दिशा दाखवतात.

तुझ्या काकूंनी आकृती पाहिली आणि विचारले, "हे माफीपत्र आहे की पाठ्यपुस्तक?" मी म्हटले, समजले की राग आपोआप जातो. त्या म्हणाल्या, "जातो तर. मला लुगड्याचं सगळं समजलं, म्हणून काय मी ते नेसले?"

वाट पाहतो.

कमलाकांत

•

अमरावती,
शुक्रवार, ता. २६ ऑक्टोबर १९३४

चि. सूर्यभान,

तुझे कार्ड काल मिळाले. ते समोर ठेवून लिहितो आहे. तुझे शब्द इथे उतरवतो, म्हणजे त्यांना बगल देऊन पुढे जाणे मला जमणार नाही:

'मास्तर, नमस्कार. दोनी पत्रं भेटली. उजेडाचं समजलं. तुमी समजावून चांगलं सांगता, शाळेत बी सांगत होते. पन मी त्या दिवशी तुमाले एक गोष्ट इचारली होती. ते याद हाय का? तुमच्या पत्रात ते कुठंच दिसून नाई राहिली.'

याद आहे.

तू टेबलापाशी आलास, पहिली पुडी उघडलीस, बराच वेळ पाहात राहिलास. मग म्हणालास, "मास्तर, पुडी दारात नेऊन पाहू काय?"

मी म्हणालो, "टेबल सोडायचे नाही. सर्वांना नियम सारखा."

तू पुन्हा म्हणालास, "इथं मले बरोबर दिसून नाई राहिलं." मी घड्याळाकडे बोट दाखवले आणि माझ्या टिपणात लिहिले: 'नंबर आठ, आत्मविश्वास कमी.'

कापूस दारात न्यावा, सूर्याकडे पाठ करावी आणि आपल्याच सावलीत धरून पाहावा, हे तुला बाळापूरच्या शाळेत मीच शिकवले होते. खरे तर तेही माझे नव्हे. शाळेची मुले घेऊन मी तुमच्या शेतावर आलो होतो, तेव्हा तुझ्या आई दुर्गाबाई वेचलेला कापूस तसा पाहताना दिसल्या. मी विचारले तर त्या हसल्या, "उन्हात समदंच गोरं दिसते, मास्तर." दुसऱ्या दिवशी मी ते फळ्यावर लिहिले. नऊ उमेदवारांत ज्या एकाला आपल्याला नीट दिसत नसल्याचे कळले, तोच खरा पारखी होता; आणि त्याच्या प्रश्नाचे मी उणे गुण धरले.

आता दुसरी गोष्ट, जी तू विचारली नाहीस. लुगड्याचा प्रकार खरा आहे, पण मला उलगडा त्यामुळे झाला नाही. उलगडा १९२४ च्या फेब्रुवारीतच झाला होता.

त्याच्या आधी, जानेवारीत, जानराव आले होते. सोबत धोतराच्या फडक्यात बांधलेला कापूस. ओसरीवर त्यांनी गाठ सोडली. "मास्तर, हे पोरानं निवडलेलं हाय. यात खोट काय ते दाखवा. दोन वर्सं तुमच्या हाताखाली होतं पोरगं. तवा तर म्हनत होते, याचा डोळा म्हंजे डोळा."

मी कापसाला हात लावला नाही. म्हणालो, "जानराव, परीक्षेत नाव नसतं. नंबर असतो."

"नंबरले बाप नसते काय?"

मग त्यांनी कार्डाचे सांगितले. किसनराव डाकवाल्याने ते पारावर वाचून दाखवले होते. जानरावांना वाचता येत नव्हते आणि तू वखरावर गेला होतास. पारावर पंधरा-वीस माणसे होती. तेव्हापासून पोरे तुला 'पारखी साहेब' म्हणून हाका मारीत. जानरावांनीही कापूस विकायला तुझ्याऐवजी धाकट्याला धाडायला सुरुवात केली होती. "माह्या मनात काई नाई," ते म्हणाले, "पन इतक्या शिकलेल्या मानसानं लिहून देल्लं, आता मी काय म्हनू?"

लिफाफा एका आण्याचा होता, कार्ड अर्ध्या आण्याचे. पण मी कार्ड निवडले ते काटकसरीने नव्हे. एकच ओळ लिहायची होती. एका ओळीला लिफाफा कशाला, असे वाटले. नापासाचे कारण उघड्यावर पाठवू नये, हे मला कोणत्याही पुस्तकात भेटले नव्हते.

जानराव गेले. महिन्याने, एका दुपारी, मी त्याच पाच पुड्या काढल्या आणि त्याच टेबलापाशी, त्याच वेळी, स्वतः बसलो. उत्तरे झाकून ठेवली होती. तीन पुड्यांवर मी 'पिवळसर' लिहिले. त्याच तीन. मी माझ्याच परीक्षेत नापास झालो होतो.

मग मी काय केले? पुढच्या वर्षीपासून टेबल उत्तरेच्या ओसरीवर नेले. उमेदवाराने मागितले तर पुडी दारात नेण्याची मुभा दिली. मालकांनी सुधारणेचे कौतुक केले. परीक्षा सुधारली, निकाल सुधारला नाही. दुपारच्या चौघांना बोलावून पुन्हा बसवायचे, तर आधीची परीक्षा चुकली होती हे म्हणावे लागले असते. आणि ती मला फार प्रिय होती, सूर्यभान. तांब्यातल्या चिठ्ठ्या, झाकलेली नावे, तिची एकेक रीत मी महिनाभर बसून रचली होती. तिच्यात पक्षपात नव्हता, याचा मला इतका आनंद होता की तिच्यात चूक असू शकेल हे मनातच आले नाही. आणि आले, तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी परीक्षा आटोपल्यावर तुम्ही सगळे जिन्यात बसला होता. मी वर कागद आवरीत होतो. कोणीतरी म्हणाले, "आधीच ठरलेलं असते बाप्पा. आपून फक्त गर्दी कराले येतो." त्यावर तुझा आवाज आला: "नाई. मास्तर तसे नाईत." तेव्हा मला अभिमान वाटला होता. अकरा वर्षे ते वाक्य मी आठवायचे टाळत आलो.

निवड न झालेल्या इतरांना मी कारण कळवले नव्हते. त्यांतले दोघे पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसले आणि एक निवडला गेला. ज्याला कारण कळत नाही, तो नशिबाला चार शिव्या देऊन पुन्हा उभा राहतो. तुला मी कारण दिले, ते चुकीचे दिले, आणि तुझा माझ्यावर विश्वास होता.

आज दुर्गाबाईंच्या नावे एक कार्ड टाकले आहे. मुद्दाम कार्डच, किसनरावांनी पारावर वाचावे म्हणून: 'सूर्यभानची पारख बरोबर होती. परीक्षा चूक होती. हे मला दहा वर्षांपासून माहीत होते.'

दोन तारखेला येशील? माझ्यासाठी नको. जागा तुझी आहे म्हणून ये.

कमलाकांत

•

अमरावती,
सोमवार, ता. ५ नोव्हेंबर १९३४

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

तू आला नाहीस. आठ जण आले होते; अकरापर्यंत मी तुझ्यासाठी नववी चिठ्ठी तांब्यात ठेवली. मग मालकांचा कारकून म्हणाला, "आता सुरू करू या, मास्तर." सुरू केले.

जागा चांदूर बाजारच्या सहदेवला मिळाली. मुलगा चांगला आहे. त्याचे नाव लिहिताना तू आठवलास, पण तुझी अडवली तशी त्याचीही वाट अडवून काय साधले असते? निकालाचा कागद मालकांकडे गेला आहे आणि आता माझ्या हाती काही उरलेले नाही. अकरा वर्षे हाती होते.

ह्या खेपेला मी एकेकाला शेजारी बसवून, त्याच्या पुड्या पुन्हा उघडून, कुठे काय चुकले ते तोंडी सांगितले. एकाने माझ्याशी वाद घातला. "दारात चला," म्हणाला. गेलो. तो बरोबर होता, मी चुकलो होतो. त्याचे गुण वाढवले. दुसरा, सगळ्यांत खाली राहिलेला, उठताना म्हणाला, "जमलं नाई ते नाई, पन कुठं ते तरी समजलं. घरी गेल्यावर सांगाले होईल." तू जिन्यात बसून घरी काय सांगावे याचा विचार करीत होतास, तेव्हा तुला हे मिळायला हवे होते.

काल चंद्रभान गावाहून आला. किसनरावांनी कार्ड पारावर वाचले म्हणे. दुर्गाबाईंनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "आता कोनाले ऐकवता? ज्यानं ऐकाचं होतं तो तं गेला." आणि कार्ड घेऊन घरी गेल्या. ते त्यांनी ठेवले की चुलीत घातले, हे मी चंद्रभानला विचारले नाही.

काकूंनी ही ओळ वाचली. म्हणाल्या, "बरं केलंत. सगळंच विचारायचं नसतं." दसऱ्याला त्यांनी ते लुगडे नेसलेच. आता ते डाळिंबी की विटकरी, असे त्यांना कोणी विचारले की सांगतात, "माझं आहे."

तुझ्या कार्डात शेवटी, पत्त्याच्या बाजूला, बारीक अक्षरात एक ओळ होती. मागच्या पत्रात मी ती उतरवली नाही: 'आता मले कापूस दिसत नाई, वजनच दिसते. काट्याले कोनी नापास करत नाई.' तू क्षमा करावीस असे मागावेसे वाटते. पण क्षमा मागणे म्हणजे पुन्हा तुझ्याकडूनच काहीतरी मागणे. ते राहू दे.

एकच लिहितो आणि थांबतो. माझ्या शब्दावर तू एकदा विश्वास ठेवलास. आता ठेवू नकोस. माझी दोन्ही कार्डे, पहिले आणि परवा दुर्गाबाईंना टाकलेले, सारखीच बाजूला ठेव आणि स्वतः पाहा. त्याला परीक्षक लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, नंबर लागत नाही.

उद्या दुपारी तीनच्या सुमारास, गाडी काट्यावर चढण्याआधी, तिच्यातला एक मूठ कापूस घे. आधी तुमच्या पत्र्याखाली, काट्यापाशी उभा राहून पाहा आणि मनात प्रत ठरव. मग तीच मूठ न सोडता दहा पावले चालून उघड्यावर जा. सूर्याकडे पाठ कर. मूठ आपल्या सावलीत धर, दुर्गाबाई धरीत तशी, आणि पुन्हा प्रत ठरव.

दोन्ही वेळा कापूस सारखाच दिसला, तर माझे पहिले कार्ड खरे होते असे समज. फरक दिसला, तर तो फरक पाहणारा डोळा कोणाचा आहे तेवढे ध्यानात घे.

उत्तर मला कळवण्याची गरज नाही. मूठ गाडीत परत टाक आणि वजन कर.

कमलाकांत